मदत हवी आहे: युजर टेस्टिंगमध्ये सगळ्या "समजलं" म्हणतात आणि नंतर चुकीचं बटण दाबतात

गोंधळलेली_गार्गी
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सोमवारी रिपोर्ट द्यायचाय. आमचं बचत गटांसाठी अ‍ॅप आहे, अंतर्गत कर्जाचे अर्ज, हप्ते, मीटिंगची हजेरी वगैरे. लाँचच्या आधी रीतसर टेस्टिंग केलं, आठ जणी होत्या, प्रत्येक स्क्रीननंतर "समजलं का?" विचारलं, आठच्या आठ हो म्हणाल्या, रेकॉर्डिंग आहे. आता होतंय काय, की बायका अर्ज मागे घ्यायला जातात आणि अर्ज तसाच राहतो, पुढच्या मीटिंगला कर्ज मंजूर होऊन नावावर पडतं आणि मग आम्हाला फोन. बॉस म्हणतो त्यांना वाचताच येत नाही, व्हिडिओ टाका. मला पटत नाहीये, पण दुसरं सुचतही नाही. मला वाटतं कॉग्निटिव्ह लोड, म्हणजे डोक्यावरचा ताण, जास्त होतोय. त्या अंगाने कुणी सांगू शकेल का? प्लीज लवकर.

सातारी_कंदी
मेनूत किती आयटम आहेत? माणसाच्या डोक्यात सातच मावतात, मानसशास्त्रज्ञ मिलरचा नियम. आमच्या बँकेच्या प्रोजेक्टात अकराचे सात केले आणि तक्रारी बंद. डोळे झाकून सात करा.

मुळ्याची_भाजी
आला, मिलर आलाच. अहो कंदी, १९५६ चा तो पेपर थोड्या वेळापुरतं काय लक्षात राहतं त्याबद्दल आहे. मेनू समोर दिसत असतो, तो काय पाठ करायचाय? आणि सात तरी कुठे उरलेत, कोवनने २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणून ठेवला.

सातारी_कंदी
चार तर चार. कमीच झाले ना? मग माझाच मुद्दा झाला की.

टिकलू
ताई अँड्रॉइड आहे का? फोन कुठला? विचारायचं कारण, माझ्या नव्या फोनवर दर्‍याखोर्‍यातला र्‍या निघतच नाही, दर्या येतो, समुद्र होतो. हा पण कॉपी पेस्ट केलाय.

शब्दांच्या_पाठी
गार्गी, कुठलं बटण? स्क्रीनवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाक. त्याशिवाय इथे सगळे हवेत गोळ्या मारणार.

गोंधळलेली_गार्गी
साधाच कन्फर्मेशन बॉक्स आहे हो, सगळीकडे असतो तसा. त्यात काही नाहीये, मला फ्लोचा प्रॉब्लेम वाटतोय.

शब्दांच्या_पाठी
साधाच म्हणजे काय ते सांग. शब्द दे.

गोंधळलेली_गार्गी
बरं. वर "आपण अर्ज रद्द करू इच्छिता?" खाली डावीकडे "रद्द करा", उजवीकडे "ठीक आहे".

मुळ्याची_भाजी
😂😂 सापडलं. कॅन्सलचं भाषांतर.

शब्दांच्या_पाठी
हसू नका हो, अर्ध्या मराठी अ‍ॅपमध्ये हे आहे. गार्गी, तुझं "रद्द करा" म्हणजे "हा बॉक्स बंद करा". पण बाईला तर अर्जच रद्द करायचाय! प्रश्नात "रद्द", बटणावर "रद्द", ती तेच दाबणार. बॉक्स जातो, तिला वाटतं काम झालं. यात लोड कुठे आहे? तिने मराठी अगदी बरोबर वाचलं, चुकीचं तुम्ही लिहिलंत. दुसरं ते "आपण". मराठीत आपण म्हणजे आदराचे तुम्ही, आणि आपण म्हणजे मी अधिक तू, सगळे मिळून. बचत गटात "आपण कर्ज घेऊ" म्हणजे गटाने घेऊ. "आपण अर्ज रद्द करू" एवढं वाचलं की ठराव वाटतो, "इच्छिता" येईपर्यंत बोट बटणावर गेलेलं असतं. इंग्रजीच्या यू मध्ये हा घोळ नाही म्हणून ज्याने भाषांतर केलं त्याला दिसला नाही.

गोंधळलेली_गार्गी
हो पण मग टेस्टिंगमध्ये आठही जणींना जमलं कसं??

फिरतीवरची_नंदा
मी पण हेच काम करते, म्हणून विचारते. तेव्हा त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं? आणि स्क्रीन मराठीत होती का?

गोंधळलेली_गार्गी
गटाच्या अध्यक्ष ताई होत्या, त्यांच्याच घरी केलं ना. स्क्रीन तेव्हा इंग्रजीत होती, प्रोटोटाइप म्हणजे कच्चा नमुना होता, मी तोंडी मराठीत सांगत होते की हे दाबलं की अर्ज जाईल. मराठी शब्द नंतर एक्सेलमध्ये करून आले. हे लिहायचं राहिलं, सॉरी.

मुळ्याची_भाजी
"राहिलं" 🙏 म्हणजे टेस्ट तुमची झाली, अ‍ॅपची झालीच नाही.

फिरतीवरची_नंदा
अध्यक्ष ताईंच्या ओसरीवर, त्यांचाच चहा पिऊन, शहरातून आलेल्या मॅडमला "नाही समजलं" कोण म्हणेल? तो हो तुमचा मान ठेवायला असतो. मी समजलं का विचारणं केव्हाच सोडलं. बोट बटणावर नेलं की थांबवायचं आणि विचारायचं, "आता काय होईल?" नाहीतर दोन मैत्रिणींना मिळून एक फोन द्यायचा, त्या आपसात जे बोलतात ते सोनं असतं. एक म्हणते हे दाब, दुसरी म्हणते अगं थांब पैसे जातील.

मुळ्याची_भाजी
आणि "असं का दाबलं?" पण विचारू नका. एरिक्सन आणि सायमन यांनी १९८० मध्येच मांडलंय, करता करता डोक्यात चाललेलं माणूस बर्‍यापैकी खरं बोलतो, नंतर कारण विचारलं की रचून सांगतो. प्रश्नाचा शब्दही उत्तर वाकवतो. लॉफ्टस आणि पामर, १९७४: अपघाताची तीच फिल्म, "गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा वेग किती" म्हटलं तर लोक सरासरी ताशी ४० मैलांच्या वर म्हणाले, "एकमेकींना टेकल्या तेव्हा" म्हटलं तर ३१.८.

गोंधळलेली_गार्गी
बापरे. शेवटच्या फॉर्मवर "काही अडचण आली नाही ना?" होतं. सहा "नाही", दोन "हो". मी दोघींना अडचण आली असं रिपोर्टमध्ये टाकलंय.

शब्दांच्या_पाठी
खोड ते. मराठीत "हो" म्हणजे "हो, नाही आली" असू शकतं. आठही जणी एकच सांगत असतील.

शुद्ध_तुपातला
मुळात इतकं सोपं करायची गरज काय? "इच्छिता" हा सुंदर शब्द आहे. महापौर शब्द सावरकरांनी दिला, रुळलाच ना?

सातारी_कंदी
रुळला हो, पण महापौर दाबून कुणाचं कर्ज मंजूर होत नाही 😄

शब्दांच्या_पाठी
अवांतर पुरे. गार्गी, वर "अर्ज मागे घ्यायचा का?" आणि खाली "हो, मागे घ्या" आणि "नको, राहू द्या". बटण एकटं वाचलं तरी पुढे काय होणार ते कळलं पाहिजे. हे पण मराठी स्क्रीनवर, अध्यक्ष ताई नसताना तपासून बघ.

गोंधळलेली_गार्गी
आत्ता एका ताईंना फोन केला. जुनाच बॉक्स वाचून दाखवला, विचारलं कुठलं दाबाल. म्हणाल्या, "मॅडम, रद्द करायचंय तर रद्दवरच दाबणार ना. ठीक आहे वर कशाला दाबू, कर्ज चुकून पडलंय, माझं कुठं ठीक आहे?" हेच वाक्य रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाकतेय.

सातारी_कंदी
छान. पण मेनूत किती आयटम आहेत ते अजून सांगितलं नाहीत.

टिकलू
माझ्या र्‍या चं कुणी बघेल का?

फिरतीवरची_नंदा
खाली टिंब असलेला ऱ शोध, मग पाय मोड, मग य.

टिकलू
दऱ्या. खोऱ्या. जमलं!! धन्स ताई.