लॉराला सुपर्बचे ३१२ चे पुढचे ब्रेक: नुसतं कॅरिअर बदलून भागतं का?

आंबेनळी_उतार

गाडी स्कोडा लॉरा टीडीआय (डिझेल), डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), १६ इंची अलॉय. पुढची डिस्क व्हर्नियरने मोजली: व्यास २८८ मिमी, जाडी २२.६. नवी २५ ची असते आणि २२ ला बाद होते, म्हणजे डिस्क आणि पॅड एवीतेवी बदलायचेच आहेत. तर मग आताच सुपर्बचे (२००९ नंतरचं मॉडेल, चार सिलिंडर) ३१२ मिमी डिस्कचे ब्रेक बसवावेत असं डोक्यात आहे. कुर्ल्यात एकजण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), कॅरिअर (कॅलिपर ज्यावर बसतो तो) असा दोन्ही बाजूंचा पूर्ण सेट देतोय.

प्रश्न असे:
कॅलिपर बदलणं खरंच गरजेचं आहे का? मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा) आणि एबीएसला काही त्रास? १६ इंची चाकात बसेल ना? आणि मुख्य म्हणजे, पाच माणसं आणि सामान घेऊन महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना ब्रेक ढेपाळतात, ते याने थांबेल का?

मिलिमीटर

कॅलिपर घेऊ नका. पैसे वाचवा.

तुमच्या २८८ x २५ च्या सेटवर एटीई कंपनीचा एफएन३ कॅलिपर असायला हवा: पिस्टन ५४ मिमीचा, बाहेरच्या तोंडावर जाड तारेची स्प्रिंग, आणि मागून ७ च्या ॲलन कीने सुटणाऱ्या दोन गाइड पिना. ३१२ x २५ ला हाच कॅलिपर लागतो. फरक फक्त कॅरिअरमध्ये, म्हणजे मेकॅनिक ज्याला ब्रॅकेट म्हणतात त्यात. ३१२ चं कॅरिअर कॅलिपरला १२ मिमी बाहेर ढकलतं, बस. डिस्कची जाडी तीच, त्यामुळे कॅलिपरच्या तोंडाचं अंतरही तेच.

यातला मोठा फायदा लक्षात घ्या: कॅलिपर तोच राहिला तर होजपाइप सोडायचाच नाही. हवा आत जायचा प्रश्न नाही, म्हणून ती काढायचं ब्लीडिंगही नाही. कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगायचा, खालचं कॅरिअर बदलायचं.

मास्टर सिलिंडरचं उत्तरही इथेच आहे. पिस्टन ५४ चाच असल्यामुळे तेल तेवढंच लागतं आणि पेडलचा प्रवास बदलत नाही. हेच कोणी ५४ काढून ५७ चा पिस्टन लावला तर क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढतं, तेल तेवढंच जास्त सरकावं लागतं आणि पेडल लांब जातं. मग लोक म्हणतात "मोठे ब्रेक लावले आणि पेडल स्पंजी झालं". ३४५ मिमी डिस्कच्या नादाला लागणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

वाढ किती मिळेल? पॅड जिथे घासतो त्या पट्ट्याची मधली त्रिज्या ढोबळमानाने ११६ वरून १२८ वर जाते. म्हणजे त्याच पायाच्या जोराला पुढच्या चाकांवर साधारण १० टक्के जास्त ब्रेक. एवढ्याने पुढचा-मागचा तोल बिघडत नाही, आणि एबीएस चाक किती घसरतंय ते पाहतं, डिस्क केवढी आहे ते नाही. कोडिंगच्या (गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलायच्या) भानगडीत पडू नका.

पण थांबायचं अंतर कमी होईल ही अपेक्षा सोडा. तुमचे आत्ताचे ब्रेकही जोरात दाबल्यावर एबीएस चालू करतातच ना? मग मर्यादा टायरची आहे, डिस्कची नाही.

एक सूचना: डिस्क २८० x २२ निघाली असती तर गोष्ट वेगळी. तिथे कॅलिपर आणि पॅडही वेगळे, नुसत्या कॅरिअरवर भागत नाही. म्हणून हा धागा वाचून बाकीच्यांनी आधी डिस्क मोजावी, मग बाजारात जावं.

दुसरा_गिअर

वरचं सगळं बरोबर, पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही.

हिशोब करू. गाडी, माणसं, सामान मिळून १८०० किलो धरा. १०० च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबलात की ब्रेकमध्ये साधारण ०.७ मेगाज्यूल उष्णता जाते. महाबळेश्वर १३५० मीटरवर, पोलादपूर तळाला. उतार १२०० मीटर धरला तरी २१ मेगाज्यूल होतात. म्हणजे शंभरवरून तीस वेळा थांबण्याइतकी उष्णता, तीही श्वास घ्यायला उसंत न देता. आंबेनळी घाटात वेग इतका कमी की डिस्कला वारा लागत नाही. अशा लांब उतारावर डिस्क किती वजनाची यापेक्षा ती उष्णता किती भराभर बाहेर टाकते हे महत्त्वाचं, आणि त्यात २८८ आणि ३१२ मध्ये फार अंतर नाही. ३१२ ने ढेपाळणं चार वळणं पुढे ढकललं जाईल, नाहीसं होणार नाही.

ते इंजिनानेच जातं. डीएसजी 'डी' मध्ये ठेवून उतरलात तर गिअरबॉक्स डिझेल वाचवायला वरचा गिअर टाकत राहतो आणि सगळं ओझं ब्रेकवर. लीव्हर मॅन्युअलला घ्या, दुसरा, फार तर तिसरा, आणि इंजिन २५०० ते ३००० वर फिरू द्या. पाय सोडल्यावर इंजेक्शन बंदच असतं, डिझेल जळत नाही. ब्रेक वळणाआधी एकदा ठाम दाबा आणि सोडून द्या. हलका पाय सतत टेकवून ठेवणं सगळ्यात वाईट.

आता सांगा, ढेपाळतात म्हणजे नेमकं काय होतं? पेडल कडक राहतं पण गाडी आवरत नाही आणि जळका वास येतो, की पेडलच मऊ होऊन खाली जातं? पहिलं असेल तर पॅड तापलेत. दुसरं असेल तर ब्रेक ऑइल उकळतंय, आणि त्यावर डिस्क मोठी करणं हा इलाज नाही. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत ते पाणी पितंच. शेवटचं कधी बदललंत?

आंबेनळी_उतार

पेडल कडक, वास, जास्त जोर लावावा लागतो. खाली जात नाही. ऑइल बदलून तीन वर्षं झालीत. आणि हो, गिअर 'डी' मध्येच असतो.

दुसरा_गिअर

मग क्रम सरळ आहे. गिअरची सवय आज, ऑइल या महिन्यात, पॅड चांगल्या प्रतीचे. डिस्क बदलायची आहेच तर ३१२ घ्या, माझी हरकत नाही. फक्त घाटाचं श्रेय तिला देऊ नका.

पान्हापेटी

बसवण्याबद्दल लिहितो, कारण गडबड तिथेच होते.

सामान: ३१२ x २५ च्या दोन डिस्क (मूळ नंबर १के० ६१५ ३०१ एए, हीच डिस्क गोल्फ जीटीआय, ऑक्टेव्हिया आरएस आणि सुपर्बला, त्यामुळे बाहेरच्या कंपन्यांची सहज मिळते), ३१२ च्या सेटचे पॅड, दोन कॅरिअर, कॅरिअरचे चार नवे बोल्ट. डाव्या पॅडला झिजेची वायर आहे का बघून घ्या, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागून राहील.

जुनं कॅरिअर घेताना वरच्या रंगाला भुलू नका. भंगारवाले स्प्रे मारून चकचकीत करून देतात. पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे नख फिरवा. खड्डे लागले तर पॅड अडकणार, एक बाजू झिजणार. गाइड पिनचे आटे बघा, पीन हाताने शेवटपर्यंत फिरली पाहिजे. पुरातल्या गाडीचा माल असेल तर इथेच कळतं. आणि दोन्ही कॅरिअर एकाच गाडीची घ्या.

काम: सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर नको. गाइड पिना ७ च्या ॲलनने सोडा, कॅलिपर उचलून तारेने टांगा, होजपाइपवर लोंबकळू देऊ नका. कॅरिअरचे दोन बोल्ट २१ च्या सॉकेटने सुटतात. पहिल्यांदा भरपूर घट्ट लागतील, लांब दांडा घ्या. डिस्कचा छोटा स्क्रू टी३० टॉर्क्सचा. तो हमखास गंजलेला असतो आणि त्याचं डोकं घसरतं, म्हणून आधी बिट आत ठेवून हातोडीचा एक ठोका, मग फिरवा.

जुनी डिस्क निघाली की हबचं तोंड तारेच्या ब्रशने चकाचक करा. हे लोक टाळतात. हबवर गंजाची एक पापडी राहिली की डिस्क केसभर तिरकी बसते. सुरुवातीला काही जाणवत नाही, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर डिस्कची जाडी जागोजागी वेगळी झिजते आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग दोष डिस्कच्या कंपनीला.

नवी डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा, तिच्यावर तेलाचा थर असतो. डिस्क लावून हाताने फिरवा. मागचा पातळ पत्रा २८८ च्या मापाचा आहे, त्याची कड ३१२ ला घासू शकते. हाताने मागे वाकवा, सगळीकडे ३-४ मिमी फट हवी. पत्रा पूर्ण काढून टाकू नका. चिखल आणि खडे अडवायचं काम तोच करतो.

कॅरिअर बसवून बोल्ट १९० एनएमला (न्यूटन-मीटर) आवळा. सुपर्बच्या गाडीचे जुने बोल्ट वापरायचा मोह नको: तिथल्या नकलचं (कॅरिअर ज्यावर आवळतात त्या भागाचं) मटेरियल आणि बोल्टची लांबी वेगळी असू शकते. लॉराचेच नवे घ्या. पॅड लावण्याआधी डिस्क कॅरिअरच्या बरोबर मधोमध येतेय ना बघा. एका बाजूला सरकलेली दिसली तर चुकीची डिस्क हातात आली आहे.

पिस्टन मागे ढकलताना बॉनेटखाली टाकीचं झाकण उघडं ठेवा आणि पातळीवर लक्ष द्या. कोणी मध्ये ऑइल भरलं असेल तर ते वर येऊन रंगावर सांडतं आणि रंग खातं. गाइड पिना पुसून कोरड्याच घाला, या कॅलिपरच्या रबर बुशात ग्रीस घालायचं नाही. पिना ३० एनएमला आवळा. ग्रीस लावायचंच तर पॅडच्या कानांना, सिरॅमिकचं, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. चाकाचे बोल्ट १२० एनएम.

आणि गाडी हलवण्याआधी पेडल पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या तीन-चार दाबांना पेडल तळाला जातं. हे विसरून रिव्हर्स टाकला तर मागची भिंत जवळच असते.

पॅड बसायला रिकामा रस्ता बघा. ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने दहा वेळा, मग ९० वरून २० पर्यंत जरा जोरात सहा-आठ वेळा, मध्ये अर्धा किलोमीटर तरी वारा लागू द्या. पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलात तर तिथे पॅडचा छाप उमटतो. शेवटी पंधरा मिनिटं सावकाश चालवा, मग पार्किंग.

ऑइल बदलायचंच आहे, तर ते हे काम झाल्यावर करा. ब्लीड निपलला ११ चा पान्हा, रिंगचाच, उघड्या तोंडाचा लावला की कोपरे गोल होतात.

मिलिमीटर

पान्हापेटीने चाकाचं राहिलं. १६ इंचीत ३१२ बसतं, पण अलॉय बाहेरच्या कंपनीचे असतील तर गृहीत धरू नका. डिस्क आणि कॅलिपर लावल्यावर चाक हाताने चढवा, दोन बोल्ट हलके आवळा आणि हळू फिरवा. कॅलिपर आणि रिममध्ये ३ मिमी तरी फट हवी, आरे आणि कॅलिपरमध्येही. आणखी एक: आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं. रिमला फट मिळाली तरी तेवढाच पाव इंचाचा तुकडा कॅलिपरला टकटक करत राहतो आणि माणूस बेअरिंग बदलून बसतो. टायरवाल्याला वजनं आतल्या कडेला सरकवायला सांगा.

कागदपत्र

कायद्याची बाजूही लिहून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. पार्ट त्याच कंपनीचा आहे ही सबब आपोआप चालत नाही. निदान विमा कंपनीला लेखी विचारा आणि बिलं जपून ठेवा. अपघातानंतर सर्व्हेअरने विचारलं तर हातात काहीतरी असू दे.

आंबेनळी_उतार

सगळ्यांचे आभार. कॅलिपर रद्द, फक्त कॅरिअर घेतो. विम्याचं विचारून मगच. डिकीतली स्टेपनी १५ इंची, लोखंडी आहे. ती तशीच चालेल का?

पान्हापेटी

पुढे नाही चालणार. १५ ची रिम कॅलिपरवर अडकेल. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे. म्हणजे दोन चाकं, दोनदा जॅक, घाटात. त्यापेक्षा १६ ची एक जुनी रिम बघा, पण तिचा टायर बाकीच्यांच्याच मापाचा हवा आणि ती डिकीच्या खड्ड्यात मावते का ते टेप लावून आधी बघा. तोवर जॅकखाली ठेवायला लाकडाची एक फळी डिकीत टाकून ठेवा.