ग्रुप होमला विरोध करायचाय तर करा, पण टॅक्सच्या आडून करू नका

सुमेधा_एडिसन
परवा इथे एक निवेदन टाकलं गेलं. गल्लीतलं चार बेडरूमचं घर एका ना-नफा संस्थेने ग्रुप होमसाठी घेतलंय, म्हणजे तिथे बौद्धिक अक्षमता असलेली चार प्रौढ माणसं स्टाफच्या देखरेखीखाली राहणार, संस्था प्रॉपर्टी टॅक्स भरणार नाही, बोजा आपल्यावर, शिवाय 'मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न', म्हणून टाउनशिपने, म्हणजे आपल्या गावाच्या प्रशासनाने, परवानगी नाकारावी. खाली भराभर सह्या. ओळखीची नावं बघून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

परवानगी नाकारणं टाउनशिपच्या हातात नाही. न्यू जर्सीच्या कायद्यात अशी घरं कुठल्याही निवासी झोनमध्ये चालतात, नियम साध्या एका कुटुंबाच्या घराचेच. टेक्सासमधल्या क्लीबर्न गावाने असंच एक घर अडवलं होतं, 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने गावाला चुकीचं ठरवलं. घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी करणाऱ्या फेडरल फेअर हाउसिंग कायद्यातही 1988 पासून अपंगत्वाचा समावेश आहे.

आता टॅक्स. आपल्या राज्यात सरासरी बिल वर्षाला 10,000 डॉलरच्या आसपास आहे आणि त्यातला निम्मा पैसा शाळांना जातो. त्या घरातून एकही मूल शाळेत जाणार नाही. देवळं, चर्च, ना-नफा हॉस्पिटलं, विद्यापीठं यांनाही माफी आहेच. ज्या हॉलमध्ये आपला गणपती बसतो तो देवळाचा हॉलही त्यातच आला. प्रिन्स्टनच्या रहिवाशांनी विद्यापीठाच्या करमाफीवर दावा लावला आणि 2016 मध्ये विद्यापीठाने तडजोडीत 1 कोटी 80 लाख डॉलरहून जास्त रक्कम कबूल केली. तेव्हा आपल्यातल्या कुणी निवेदन काढल्याचं मला आठवत नाही. चार माणसांच्या एका घरासाठी मात्र लगेच निघालं.

आणि ही माणसं काही आभाळातून पडलेली नाहीत. इथल्याच अ‍ॅव्हनेलला वुडब्रिज डेव्हलपमेंटल सेंटर होतं, अशाच माणसांची मोठी निवासी संस्था, दहा-बारा वर्षांपूर्वी बंद झालं. तिथे शेकडो जण राहायचे. ती जागाही सरकारीच, तिचाही टॅक्स कुणी भरत नव्हतं. फक्त ती आपल्या खिडकीतून दिसत नव्हती.

टॅक्सपीडित
निवेदन मी लिहिलं, तेव्हा उत्तर मीच देतो. मी रिटायर झालोय. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, दर तीन महिन्यांनी हप्ता. पेन्शन आहे तेवढीच, बिल दरवर्षी वर. घर फिटलं तरी गावाला भाडं भरल्यासारखं भरतोय. गावाचं बजेट ठरलेलं असतं. एक घर यादीतून गेलं की त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो, हे साधं गणित आहे. ही घरं राज्याच्या धोरणाने येतात ना? मग बुडालेला टॅक्स राज्याने गावाला भरून द्यावा. यात माणुसकी कुठे आडवी आली? आणि देवळाचं म्हणाल तर देऊळ माझ्या ड्राइव्हवेला लागून नाही.

सुमेधा_एडिसन
राज्याने भरपाई द्यावी ही मागणी असेल तर पहिली सही माझी. पण निवेदनात ते कुठेच नाही. निवेदनात 'परवानगी नाकारा' आहे.

अवंती
मी अशा घराच्या शेजारी राहते, तेव्हा पुस्तकी बोलत नाही. संस्था वाईट नाही, रहिवासी तर मुळीच नाहीत, एक जण रोज हात हलवतो. पण तीन पाळ्यांचा स्टाफ, दुपारी पाळी बदलताना माझ्या मेलबॉक्ससमोर गाड्या, त्या दिवशी पोस्टमन टपाल न टाकता पुढे जातो. रात्री-अपरात्री अ‍ॅम्ब्युलन्स आणि तिच्या मागे पोलिसांची गाडी. मुलगी दचकून उठते. तक्रार कुणाकडे करायची तर कागदावर नुसता एक व्हॉइसमेल नंबर.

पाळीवाली
अवंतीताई, मी अशाच घरांत काम करते, म्हणून अ‍ॅम्ब्युलन्सचं सांगते. 2003 चा डॅनिएल्स लॉ आहे. रहिवाशाच्या जिवाला धोका वाटला तर स्टाफने आधी 911 या आणीबाणीच्या नंबरला फोन करायचा, सुपरवायझरला विचारत बसायचं नाही. नाही केला तर पहिल्या वेळी 5,000 डॉलर दंड, तोही स्टाफच्या खिशातून. हा कायदा डॅनिएल नावाच्या तरुणीच्या मृत्यूनंतर आला, वेळेवर फोन झाला नव्हता म्हणून. तेव्हा फिट थांबली नाही की आम्ही फोन करतो, रात्रीचे दोन असोत की तीन. पार्किंगचं तुमचं बरोबर आहे. आम्हालाही जागा नसते.

नाना_प्लेन्सबोरो
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. आपल्याकडे असं माणूस घरातच सांभाळलं जायचं. काका, आत्या, आजी, सगळे मिळून. ही घराबाहेर ठेवायची पद्धत आपली नव्हे. आधी जबाबदारी झटकायची आणि मग शेजाऱ्यांना माणुसकी शिकवायची, हे पटत नाही.

सांगलीची_मीनल
नाना, मी सांगलीत वाढले, माझा थोरला भाऊ असाच होता. घरातच सांभाळला. म्हणजे परसाकडच्या खोलीत, दाराला कडी बाहेरून. पाहुणे आले की आई रेडिओ मोठा करायची. माझं लग्न ठरताना तो 'शिकायला बाहेरगावी' होता. बाबांना दारावर त्याने ओढलेल्या नखांचे ओरखडे दिसायचे आणि ते दरवर्षी दिवाळीआधी तेवढं दार रंगवायचे. काका, आत्या सगळे होते. जेवायला यायचे.

नाना_प्लेन्सबोरो
तुमच्या घरात झालं ते वाईटच. पण एका घरावरून सगळ्या समाजाला नावं ठेवू नका. माझ्या मावशीने दिराला चाळीस वर्षं मायेनं जेवू घातलं.

सांगलीची_मीनल
मावशीने घातलं. त्या दिराच्या भावांनी काय केलं तेही लिहा.

नाना_प्लेन्सबोरो
तुम्ही पातळी सोडून बोलताय. माझ्या घरातल्यांवर येऊ नका.

विहानची_आई
दोघंही थांबा जरा. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलत नाही. इथे एकविसाव्या वर्षापर्यंत शाळा, मग ते शैक्षणिक वर्ष संपलं की पिवळी बस येणं बंद. तो सहा फूट आहे, मी पाच फूट एक इंच. नवऱ्याची पाठ गेली आहे, आंघोळीला आता दोघं लागतात. नाना, मी जबाबदारी झटकत नाहीये. मी मेल्यावर त्याला आंघोळ कोण घालणार ते आत्ता ठरवतेय. त्याला ओळखीचं देऊळ, ओळखीचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर हवंय, आणि तसं घर तुमच्याच गल्लीत असतं.

सुमेधाताईंनाही एक सांगते. ही घरं म्हणजे स्वर्ग नाही. स्टाफ टिकत नाही, पगार कमी. मारहाणीच्या, दुर्लक्षाच्या तक्रारी झाल्यात, म्हणून तर 2017 मध्ये राज्याला कायदा करावा लागला, की अधिकाऱ्यांनी आधी न कळवता या घरांना अचानक भेटी द्यायच्या. शेजाऱ्यांनी लक्ष ठेवलं तर मला हवंच आहे. विरोध म्हणून नको, शेजारी म्हणून ठेवा.

टॅक्सपीडित
ताई, तुमच्याबद्दल राग नाही. पण तुमचा मुलगा समोर आणला की माझ्या बिलाचं बोलणाऱ्याला राक्षस ठरवलं जातं. बिल माझं खरं आहे. सही मी मागे घेणार नाही.

पाळीवाली
आणि 'मुलांची सुरक्षितता'? तेही बिलात येतं का? मी त्या माणसांना रोज भरवते. मला ते वाक्य लागलंय.

टॅक्सपीडित
ते वाक्य माझं नाही, मसुदा फिरताना कुणीतरी घातलं. काढतो. 'परवानगी नाकारा'च्या जागी 'राज्याने भरपाई द्यावी आणि पाळीच्या गाड्यांची सोय करावी' असं टाकतो. कायदा असाच आहे म्हणता, तर दुसरं करणार काय.

अवंती
त्यात चोवीस तास माणूस उचलेल असा फोन नंबरही मागा. मग मी सही करते.

नाना_प्लेन्सबोरो
माझी सही जुन्या मसुद्यावर आहे. नव्यावर धरू नये.