रोजच्या जाण्यायेण्याला इलेक्ट्रिक कार, बजेट ८ लाख (दर्यापूर तालुका)

शाळेची_वाट
नमस्कार. दर्यापूर तालुक्यात गाव आहे. शाळेत जाऊन-येऊन साठेक किमी, त्यात अर्धा रस्ता नावालाच डांबरी. महिन्यातून दोन-तीनदा अमरावती. जुनी पेट्रोल गाडी आहे, पगाराचा मोठा घास पंपावरच जातो. बजेट ८ लाख, ऑनरोड, वर एक रुपया नाही. सेकंडहँड चालेल. विचारायचं एवढंच, की गावच्या लाईनीवर घरी चार्जिंग जमतं का आणि उन्हाळ्यात एसी लावून गाडी किती चालते?

डिझेल_पाटील
दादा, कायले डोक्याले ताप करून घेता? सेकंडहँड डिझेल घ्या. लाईन असो नसो, गाडी चालू. आमच्या गावात मोबाईल चार्ज होत नाही धड अन् तुम्ही गाडी चार्ज करू राह्यले.

नेक्सॉनवाला_अकोला
४५ किलोवॅट-अवर बॅटरीची नेक्सॉन ईव्ही घ्या, डोळे झाकून. अकोला ते नागपूर एका चार्जवर गेलो, कोंढाळीला थांबलो ते फक्त चहासाठी. बजेट थोडं ताणा, पंधराच्या आसपास होऊन जाईल.

शाळेची_वाट
आठ म्हटलंय हो. आणि दादा नाही, ताई.

नेक्सॉनवाला_अकोला
सॉरी ताई. मग पंच ईव्ही पाहा, दहा-साडेदहापर्यंत बसेल. बॅटरी मात्र मोठीच घ्या, लहान बॅटरीवाले सगळे पस्तावतात.

कापूस_भाव_काय
दहा म्हणजे आठच का राजा? 😄

कॉमेट_परतवाडा
आमच्या घरी कॉमेट आहे. बॅटरी १७.३ ची, बाजारात कुठंही शिरते, बायको खूश. पण चाकं १२ इंची. तुमचा रस्ता तुम्ही सांगता तसा असेल तर कंबर आणि गाडी दोन्ही बोलतील. अजून एक, कुठलीही इलेक्ट्रिक घेताना डिक्की उघडून स्टेपनी आहे का ते पाहा. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चर किट देतात. बाभळीचा काटा किटनं निभतो, टायर फाटला तर नाही.

डिझेल_पाटील
हे पाहा. स्टेपनी नाही, डिझेल नाही, लाईन नाही. मग आहे काय गाडीत?

रिटायर_वायरमन
ताई, बाकीच्यांचं राहू द्या. आधी अर्थिंग. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमीन खारी, लोखंडी पाईप काही वर्षांत सडून जातो, वरून दिसत नाही. त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की पाईपाले मातीच लागत नाही. घरातले पंखे, टीव्ही चालू राह्यतात, म्हणून कोणाले पत्ता लागत नाही. कारचा चार्जर मात्र लगेच लाल लाईट दाखवून बंद पडते. मग लोक कंपनीले शिव्या देतात.
तांब्याची प्लेट टाका, भोवती कोळसा, वर पाणी टाकाले पाईप ठेवा. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत दर दोन दिवसाआड बादलीभर पाणी. चार्जरसाठी मीटरपासून वेगळी लाईन ओढा, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळी एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारं बटन), १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही, माझ्या साळ्याच्या घरी वितळला. मंजूर भार एक किलोवॅट असेल तर महावितरणले अर्ज देऊन वाढवून घ्या.
संध्याकाळी सगळ्या गावाचे पंखे-कूलर चालू असतात, व्होल्टेज पडते. रात्री अकरानंतर लावा.

कापूस_भाव_काय
अर्थिंगचं बरोबर आहे, अर्थिंग पाहिजेच. पण शेतात मोटरपंपाची लाईन आहे ना? साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे. तिथंच लावा गाडी, फुकटात!

रिटायर_वायरमन
ते कनेक्शन शेतीपंपासाठी आहे, गाडी लावली की गैरवापर. अन् शेतीचा फिडर वेगळा, लाईन येते पाळीनं.

कापूस_भाव_काय
पाळीनं येते म्हणून तर बोंब आहे. रात्री ओलिताले जायचं, इकडं रानडुक्कर तिकडं साप. इथं लोक गाडीच्या चार्जिंगची चिंता करून राह्यले.

डिझेल_पाटील
हाव ना बे. दिवसा लाईन द्या म्हणाव आधी.

(इथून दहा-बारा प्रतिसाद ओलित, डीपी आणि आमदार यांच्यावर. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

पुण्यातला_दर्यापूरकर
छतावर सोलर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे. दिवसाला दहा-बारा युनिट निघतात, तुमच्या साठ किमीला आठ-नऊ लागतील.

शाळेची_वाट
पण दिवसा गाडी शाळेत असते.

पुण्यातला_दर्यापूरकर
काही अडत नाही, नेट मीटर असतं. दिवसाची वीज ग्रीडमध्ये जाते, रात्री वापरलेल्या युनिटांतून वजा होते. ढगाळ आठवड्यात थोडं बिल येईल, एवढंच.

नेक्सॉनवाला_अकोला
सोलरमध्ये पैसे घालण्यापेक्षा तेच मोठ्या बॅटरीत घाला. मी अकोला-नागपूर एका चार्जवर...

कॉमेट_परतवाडा
वाचलं भाऊ.

जळालेला_ग्राहक
मी इलेक्ट्रिक घेऊन भोगतोय. कंपनीचं नाव घेत नाही. गाडी बंद पडली, सर्व्हिस सेंटर शहरात, पार्ट येईना, दीड महिना एसटीनं फिरलो. घ्यायच्या आधी अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरच्या गेटवर तासभर उभ्या राहा, बाहेर येणाऱ्यांना विचारा. शोरूमवाला सगळं गोडच सांगतो.

शाळेची_वाट
सगळ्यांचे आभार. ठरलं. सेकंडहँड टियागो ईव्ही घेतेय, लहान बॅटरीवाली, १९.२ ची. मोठी घ्या असं नेक्सॉनवाले म्हणाले, पण मला नागपूरला चहा प्यायला जायचं नाही. भर दुपारी एसी लावून ती अमरावतीला नेऊन आणली, घरी आले तेव्हा चार्ज उरलेला होता. शाळेचं अंतर त्याहून कितीतरी कमी. सेंटरच्या गेटवरही उभी राहिले, दोघांनी तक्रार केली, तिघांनी नाही. बॅटरीची वॉरंटी माझ्या नावावर होते का, ते लेखी मागितलंय. ते हातात आलं की पैसे. वाचलेल्या पैशातून सोलर, तेही पुढच्या वर्षी.
वायरमनकाका, प्लेट किती खोल टाकायची?

रिटायर_वायरमन
आठ-दहा फूट. ओल लागेपर्यंत खोदा. नहाणीचं पाणी जाते त्या बाजूले टाका, मग बादली वाहाचं कामच नाही.

डिझेल_पाटील
जुनी पेट्रोल गाडी विकता का मग? किती सांगता?