मार्गेट: एका गॅलरीनं गाव तारलं, हे कितपत खरं?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. नगररचनेच्या अभ्यासात एक प्रकल्प करायचाय: मोडकळीला आलेलं समुद्रकाठचं गाव पुन्हा उभं कसं राहतं. मी इंग्लंडमधलं मार्गेट घेतलंय. वाचायला जावं तिथे एकच कथा मिळते. गाव संपल्यात जमा होतं, २०११ मध्ये टर्नर कंटेम्पररी ही चित्रगॅलरी उघडली आणि गाव उठून बसलं. इतकं सरळ असतं का हे? जूनमध्ये चुलतभावाकडे लंडनला जातोय, तेव्हा एक दिवस तिकडे काढणार आहे. तिथे राहिलेलं कोणी असेल तर सांगा, काय बघू आणि कशावर विश्वास ठेवू नको.

मिरजेची माहेरवाशीण

मी राहिलेय. २००३ च्या जानेवारीत नर्स म्हणून इथल्या हॉस्पिटलात आले ती इकडचीच झाले. त्यामुळे तुझं "संपलेलं" आणि "उठलेलं" अशी दोन्ही गावं पाहिलीत. खरं सांगायचं तर दोन्ही शब्द मला चावतात. संपलेल्या गावातही आम्ही रोज सकाळी ड्युटीवर जात होतोच की.

पण पडझड होती, ती नाकारत नाही. स्टेशनाबाहेर आले तर समोर समुद्र आणि काठाने बंद दुकानांची रांग. राहायला खोली मिळाली क्लिफ्टनविलमध्ये. हा मार्गेटचा पूर्वेकडचा भाग, एकेकाळी ऐटदार हॉटेलांचा. माझी खोली म्हणजे तसल्याच एका हॉटेलाची जुनी खोली. दारावर पितळी १४ आकडा तसाच होता, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि पलंगाशेजारी भिंतीवर एक बटण. दाबलं तर कुठेच काही वाजायचं नाही. पूर्वी ते दाबलं की चहा यायचा म्हणे. सोळा खोल्यांत आम्ही सोळा बिऱ्हाडं, संडास दोन. पाहुणे यायचे बंद झाले तेव्हा अशी कित्येक हॉटेलं खोल्याखोल्यांनी भाड्याने दिली गेली. लंडनच्या पालिकाही आपल्या जबाबदारीवरची मुलं इकडे ठेवायच्या, कारण इथे जागा स्वस्त होती. म्हणजे गाव रिकामं नव्हतं. ज्यांना दुसरीकडे परवडत नव्हतं त्यांनी भरलेलं होतं.

का पडलं, याचं उत्तर सगळे "स्पेन" असं देतात. साठ-सत्तरच्या दशकांत स्वस्त विमानसहली निघाल्या आणि लंडनकर उन्हासाठी तिकडे जायला लागले. बरोबर आहे. त्यात १९७८ च्या जानेवारीतल्या वादळात १८५५ चा लोखंडी धक्का मोडून पडला. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं कारण वेगळं आहे. २००५ मध्ये थॅनेटच्या, म्हणजे मार्गेट ज्यात येतं त्या तालुक्यासारख्या भागाच्या, मधोमध वेस्टवूड क्रॉस नावाचा मोठा बाजार झाला, गाडी लावायला ऐसपैस जागा. त्यानंतर आमच्या हाय स्ट्रीटवरची एकेक ओळखीची पाटी उतरत गेली. हे स्पेनने नाही केलं. तुझ्या प्रकल्पात हे घाल, फारसं कोणी घालत नाही.

आता गॅलरी. एप्रिल २०११ मध्ये उघडली त्या आठवड्यात रात्रपाळी संपवून डब्यासकट गेले. प्रवेश फुकट, म्हणून धीर झाला. चित्रकार टर्नर मार्गेटला आला की बंदराजवळ मिसेस बूथ नावाच्या बाईंच्या घरी उतरायचा, त्याच जागेवर ही इमारत आहे. चित्रांतलं मला काही कळलं नाही. पण आत मोठ्या काचेतून समुद्र दिसतो. आठ वर्षं रोज बघितलेला तोच समुद्र, आणि मी तिथे उभी राहून अर्धा तास बघत बसले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, "आपलं गाव बरं दिसतंय नाही?" तेवढ्याकरता तरी गॅलरीला माझा नमस्कार.

पण गाव तिने एकटीने तारलं नाही. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाहून जलद गाडी डिसेंबर २००९ ला सुरू झाली होती, म्हणजे गॅलरीच्या सोळा महिने आधी. दीडेक तासात लंडन. अ‍ॅशफर्ड सोडल्यावर ती साध्या रुळांवर येते आणि रमतगमत चालते, तरीही पूर्वीपेक्षा खूपच बरं. गाडी नसती तर गॅलरी बघायला कोण आलं असतं, आम्ही रात्रपाळीवालेच.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर मी सगळ्यात जास्त लिहू शकते ती ड्रीमलँड. हा १९२० मध्ये सुरू झालेला करमणुकीचा बाग. आत लाकडी पाळणारेल्वे (रोलरकोस्टर) आहे, सीनिक रेल्वे म्हणतात. मी आले त्याच वर्षी बाग बंद करून जागेवर दुसरंच काही उभारायची भाषा सुरू झाली. मग गावातल्या आणि बाहेरच्या हौशी लोकांनी बचाव मोहीम काढली. एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती: ती रेल्वे २००२ मध्येच वारसा यादीत गेली होती, देशातली तसली पहिली. त्यामुळे ती पाडता येईना, आणि ती पाडता येईना म्हणून जमीनही मोकळी होईना. एप्रिल २००८ मध्ये तिला आग लागली. धूर पार हॉस्पिटलातून दिसत होता, वॉर्डातल्या एका आजीबाईंनी खिडकीशी न्यायला लावलं आणि रडल्या. तिथेच त्यांना नवऱ्याने मागणी घातली होती.

तरी लोकांनी सोडलं नाही. पालिकेनं सक्तीनं जागा संपादित करायची ठरवली, मालक कोर्टात गेले, अखेर २०१३ मध्ये ताबा मिळाला. जून २०१५ मध्ये बाग उघडली, रेल्वे त्यानंतर ऑक्टोबरात. आणि वर्ष भरायच्या आत, मे २०१६ मध्ये, चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर! गॅलरीच्या गोष्टीत असले खाचखळगे येत नाहीत, म्हणून ती सगळ्यांना सांगायला आवडते.

त्या उन्हाळ्यात मी बसले त्या रेल्वेत. साडी नव्हती नशिबानं. गाडीबरोबर एक ब्रेकवाला माणूस असतो, खरोखरचा माणूस, मोठा दांडा धरून. आधुनिक पाळण्यांना रुळाखालून घट्ट धरून ठेवणारी चाकं असतात, हिला नाहीत. उतारावर वेग जास्त झाला तर गाडी रुळावरून उचलली जाऊ नये हे त्या माणसाच्या हातात. प्रत्येक उताराआधी तो दांडा किंचित ओढतो, लाकूड कुरकुरतं, मग सोडतो. मी पूर्ण वेळ समुद्राकडे न बघता त्याच्या मनगटाकडे बघत होते.

तिरकी वीट

ताईंच्या प्रतिसादात भर. सागरगोटा, तुझ्या प्रकल्पाला उपयोगी पडेल: आज दिसते ती गॅलरी हा दुसरा प्रयत्न आहे. आधी स्नोहेट्टा या नॉर्वेच्या मंडळींचा आराखडा निवडला होता, इमारत थेट समुद्रात, दगडी धक्क्याला लागून. खर्च फुगत गेला आणि २००६ मध्ये तो गुंडाळला. मग डेव्हिड चिपरफील्ड यांनी जमिनीवर, चौथऱ्यावर चढवून, एका बाजूला उतरत्या छपरांचे सहा काचेरी ठोकळे उभे केले. खर्च १.७५ कोटी पौंड. मला स्वतःला इमारत बाहेरून थंड वाटते, आतला उत्तरेचा प्रकाश मात्र लाजवाब.

पण ताई, तुमच्या रेल्वेच्या मुद्द्यावर एक शंका. जलद गाडी रॅम्सगेट, फोकस्टन या इथल्याच दुसऱ्या समुद्रकाठच्या गावांनाही गेली. मग गवगवा मार्गेटचाच का?

मिरजेची माहेरवाशीण

वीटराव, मुद्दा पटला. नुसत्या गाडीनं होत नाही, मान्य. फोकस्टनचंही बरंच झालंय, पण तिथली तऱ्हा वेगळी.

माझ्या मते दोन कारणं. एक, मार्गेट सगळ्यात खोल पडलं होतं. ओल्ड टाउनमधली जुनी दुकानं, गोदामं रिकामी होती आणि मातीमोल भाड्यात मिळत. त्यामुळे रंग-कुंचलेवाले, जुन्या फर्निचरवाले, कॉफीवाले गॅलरी उघडायच्या आधीपासूनच शिरायला लागले होते. दुसरं, पश्चिम. इंग्लंडच्या पूर्व टोकाला असूनही इथला किनारा उत्तर-वायव्येकडे तोंड करून आहे, म्हणून सूर्य समुद्रात मावळतो. पूर्वेच्या किनाऱ्यावर सूर्यास्त! टर्नर उगाच नाही येत राहिला. अकरा वर्षांचा असताना इथल्या शाळेत होता, तेव्हापासूनची ओढ. आणि वाळू. लंडनकराला मुलांना घेऊन बसायला वाळू लागते, गोटे नाही चालत.

लोकलकर

सगळं गोड चाललंय म्हणून विचारतो: त्या सोळा बिऱ्हाडांचं काय झालं?

मिरजेची माहेरवाशीण

बरं झालं विचारलंत. मी ते जाणूनबुजून टाळत होते.

आधी चांगलं सांगते. २०११ पासून क्लिफ्टनविलच्या त्या भागात घरमालकांना पालिकेचा परवाना घ्यावा लागायला लागला. त्यानंतर आमच्या इमारतीत पहिल्यांदा धुराची घंटा बसली. ते बटण मात्र कोणी दुरुस्त केलं नाही.

मग किमती चढल्या. लंडनहून येणाऱ्यांना इथे "डीएफएल" म्हणतात, डाउन फ्रॉम लंडनची आद्याक्षरं. कधी प्रेमानं, बहुतेकदा नाही. २०१९ मध्ये टर्नर पारितोषिकाचं, म्हणजे ब्रिटनमधल्या कलेच्या मोठ्या बक्षिसाचं, प्रदर्शन इथे भरलं, चार कलाकारांनी मिळून ते बक्षीस वाटून घेतलं, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या वर्षअखेरीस आमच्या मालकांनी इमारत विकली. तोवर मी वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आले होते. नव्या मालकांनी नोटीस दिली, सभ्य भाषेत, मुदत पाळून. तक्रार करायला जागा ठेवली नाही. आता तिथे सुट्टीवर येणाऱ्यांना रात्रीच्या हिशेबानं खोल्या मिळतात. म्हणजे हॉटेलाचं पुन्हा हॉटेल झालं.

सोळांपैकी पाच जणांचा पत्ता मला आहे. दोघं रॅम्सगेटला, एक जण डोव्हरला, एक जण लंडनच्या मुलीकडे. मी बर्चिंग्टनला, दोन स्टेशनं अलीकडे. बाकीच्यांचं माहीत नाही. तळमजल्यावर एक पोरगा होता, ऑस्कर नावाचं मांजर पाळलेला, तो एकदा आमच्या अपघात विभागात भेटला, तेव्हा राहायला घर नव्हतं त्याला. मांजराचं विचारायचा धीर झाला नाही.

आणि तरीही मी गाव बिघडलं असं म्हणणाऱ्यातली नाही. चित्रकार ट्रेसी एमिन इथेच वाढल्या, परत आल्या, जुन्या सार्वजनिक स्नानगृहाची इमारत घेऊन २०२३ मध्ये कलाकारांना कमी भाड्याच्या जागा दिल्या. ड्युटीवरून येताना तिथली दिवे लागलेली खिडकी दिसते. पूर्वी त्या रस्त्यावरून रात्री एकटी येत नसे मी. आता येते. हे माझ्यासाठी लहान नाही.

सागरगोटा

ताई, प्रकल्पाचं शीर्षक बदलावं लागणार बहुतेक. मार्गदर्शक ओरडतील. एक दिवसच आहे हातात, तर क्रम कसा ठेवू?

मिरजेची माहेरवाशीण

ओरडू देत. क्रम ठरवायच्या आधी भरती-ओहोटीच्या वेळा काढ, गाडीच्या वेळा नंतर. इथे सगळं पाण्यावर आहे. गॅलरीसमोर खडकावर शिल्पकार अँटनी गॉर्मलींचा लोखंडी माणूस २०१७ पासून उभा आहे, पूर्ण भरतीला तो दिसतच नाही. ओहोटीला यायचं.

स्टेशनातून बाहेर आलास की आधी गॅलरीकडे नको जाऊस, सगळे तेच करतात. उलट पश्चिमेला चाल. दहाएक मिनिटांवर जुनं सी बेदिंग हॉस्पिटल आहे, १७९१ चं. लेटसम नावाच्या डॉक्टरांनी गंडमाळेच्या गरीब रोग्यांसाठी काढलेलं. लंडनहून होडीनं आणायचे त्यांना, समुद्राच्या पाण्यात बुडवायचे आणि उघड्या व्हरांड्यात झोपवायचे. १९९६ मध्ये बंद झालं, आता आत फ्लॅट आहेत. म्हणजे गरिबाला हवा मिळावी म्हणून बांधलेले खांब आता कुणाच्या बाल्कनीत आहेत. फोटो काढ, मार्गदर्शकांना दाखव.

मग उलट फिरून ड्रीमलँड. रेल्वे चालू आहे का ते आधी फोनवर विचार, लाकूड आहे, कुरबुरी असतात. मग ओल्ड टाउन, गॅलरी, आणि पाय चालत असतील तर किनाऱ्यानं पुढे क्लिफ्टनविलला वॉलपोल बेचा भरतीचा तलाव. १९३७ चा, चार एकर. समुद्रातच भिंत घातलीय, भरतीला पाणी वरून आत येतं, ओहोटीला आतलं पाणी राहतं. आमच्या वॉर्डातल्या तिघीजणी डिसेंबरातही उतरतात. मी गुडघ्यापर्यंत.

जूनमध्ये सूर्य उशिरा मावळतो, नऊ वाजून जातात. शेवटच्या गाडीची वेळ लिहून ठेव. आणि खायला काय मिळतं वगैरे विचारू नकोस, माझ्याकडे ये. बर्चिंग्टनला गाडी थांबते, भाकरी करते.