स्टुडिओंची खरी ताकद चित्रपटगृहांत होती

नटांच्या वाढत्या मानधनामुळे मोठे चित्रपट स्टुडिओ खिळखिळे झाले, असे एक मत मांडले जाते; भारतापुरते ते बव्हंशी मान्य आहे. हॉलिवूडला मात्र ते तसेच्या तसे लागू होत नाही. पॅरामाउंट, एमजीएम, वॉर्नर ब्रदर्स, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आरकेओ या पाच कंपन्यांकडे निर्मिती व वितरणाबरोबर स्वतःची चित्रपटगृहेही होती, आणि बाहेरच्या चित्रपटगृहमालकाला एखादा गाजणारा चित्रपट हवा असेल, तर त्यासोबत अनेक सुमार चित्रपट न पाहताच पदरात घ्यावे लागत. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीविरुद्ध निकाल दिल्यावर ही साखळी तुटू लागली. दूरचित्रवाणीचा फटका त्यानंतरचा.

आपल्याकडे, आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या (हा उल्लेख बडोदेकराला टाळवत नाही) दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटनिर्मितीची जी कामे बहुतांशी एकहाती केली, तीच १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीने पगारी कलावंत आणि तंत्रज्ञ यांच्या स्वतंत्र विभागांत वाटली. मात्र १९४२ मध्ये ‘प्रभात’चे एक भागीदार, दिग्दर्शक व्ही. शांताराम बाहेर पडले, तो धक्का मानधनाचा नव्हे, भागीदारीतील मतभेदांचा होता.

अमेरिकेतील त्या निकालातून आलेले निर्बंध २०२० मध्ये न्यायालयानेच संपुष्टात आणले, त्यामुळे निर्मात्याच्याच हाती पडदा असावा का, हा वाद तिथे पुन्हा खुला झाला आहे.