मदत हवी आहे : स्टोअर सांभाळणाऱ्या कामगाराला कामावरून काढायचे आहे, पण रीतसर

नमस्कार. वेंगुर्ला तालुक्यात माझा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना असून ग्रेडिंगच्या बायका धरून १४ माणसे कामाला आहेत. स्टोअर सांभाळणाऱ्या कामगाराची गेल्याच महिन्यात सात वर्षे पूर्ण झाली. त्याला नेमणुकीचे पत्र मी कधीच दिले नाही, ही माझी चूक आधीच कबूल करतो.

मे महिन्यात स्टोअरच्या वहीत पॅकिंगला ३२० नंबरचा (आकारावरून ठरणारी प्रत) काजूगर ३८ किलो दिल्याची नोंद आणि पॅकिंगच्या वहीत त्याच दिवशी ३३ किलो मिळाल्याची नोंद, अशी पाच किलोंची तफावत चार वेळा निघाली. वही दारात उजेडाला धरली तेव्हा निळ्या शाईतल्या इंग्रजी ३ ला काळ्या शाईने डावीकडून वळण देऊन ८ केलेला स्पष्ट दिसला. विचारल्यावर तो म्हणाला, "तेंनी तुकडो काढून मगे वजन केल्यानी." म्हणजे पॅकिंगवाल्यांनी तुटलेला गर काढून मग वजन केले. तसे कधी कधी होतेही, परंतु तुकडा बाजूला काढल्याने वहीतला आकडा बदलत नाही. माल बाहेर जाताना मात्र कोणीही पाहिलेला नाही.

एका परिचिताने सल्ला दिला की चौकशीच्या भानगडीत न पडता कामगार कपात दाखवावी, म्हणजे त्या जागेची गरज उरली नाही म्हणून माणूस कमी केला असे दाखवावे, महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार देऊन मोकळे व्हावे. मला हे पटत नाही, कारण स्टोअरला माणूस लागणारच आहे, आणि पुन्हा भरती करताना कपात केलेल्या कामगाराला आधी संधी द्यावी लागते. त्याच जागी लगेच नवा माणूस घेतला तर ती कपात कोणाला खरी वाटेल? दुसऱ्याने राजीनामा लिहून घ्यायला सांगितले. दबावाखाली घेतलेला राजीनामा पुढे टिकत नाही, आणि त्याचा मेव्हणा आमच्याच वाडीत माझा शेजारी असल्याने ती गोष्ट चार दिवसही झाकून राहणार नाही.

म्हणून आरोपपत्र, खुलाशासाठी मुदत, साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची त्याला पूर्ण संधी आणि मग लेखी निर्णय, या मार्गाने जाण्याचे ठरवत आहे. आरोपपत्रात 'चोरी' लिहावे, की सिद्ध करता येईल तेवढेच, म्हणजे नोंदीत फेरफार आणि हिशेबातील तूट, एवढेच लिहावे? माझा कल दुसऱ्याकडे आहे. जे मी पाहिले नाही ते लिहून त्याच्या पुढच्या नोकरीची वाट बंद करण्याचा मला अधिकार नाही.

ग्रॅच्युइटीचा हिशेब मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये धरून, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सात, म्हणजे ६३,००० रुपये होतो. त्याने जाणूनबुजून केलेल्या नुकसानीसाठी बडतर्फी झाली, तर त्या नुकसानीपुरतीच रक्कम कापता येते, असे माझे वाचन आहे. वीस किलोंची किंमत कापण्यासाठी वेगळा आदेश काढून आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागेल का? खरे तर ती कापू नये असेच घरच्यांचे मत आहे.

चौकशी अधिकारी कुठून आणावा, हीही अडचण आहे. मीच तक्रारदार असल्याने मी बसणे योग्य नाही, आणि गावातला प्रत्येक जण कोणाचा तरी पाहुणा निघतो. कुडाळचा एखादा वकील नेमला तर चालेल का, आणि तोपर्यंत पूर्ण पगारावर त्याला स्टोअरऐवजी बी फोडण्याच्या विभागात बसवले, तर ती निर्णयाआधीच दिलेली शिक्षा ठरेल का? ओरोसला सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे जाण्यापूर्वी, असे प्रकरण प्रत्यक्ष हाताळलेल्यांचा अनुभव कळावा, ही विनंती.