इन्क्वायरी, इन्व्हेस्टिगेशन आणि आपली एकटी 'चौकशी'

अनुवादिनी
एका खासगी कंपनीच्या कर्मचारी नियमावलीचा मराठी अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. तीत असे वाक्य आहे की, तक्रार आल्यावर समिती आधी प्रिलिमिनरी इन्क्वायरी करील, तीत तथ्य आढळले तर इन्व्हेस्टिगेशन सुरू होईल, त्या काळात कामाच्या जागेचे इन्स्पेक्शन व कागदपत्रांची स्क्रूटिनी केली जाईल आणि साक्षीदारांचे एक्झॅमिनेशन होईल. मी अनुक्रमे प्राथमिक चौकशी, तपास, पाहणी, छाननी आणि तपासणी हे शब्द योजले. मसुदा वाचणाऱ्या गृहस्थांनी 'तपास' खोडून 'अन्वेषण' केले आणि समासात लिहिले की तपास पोलीस करतात, कंपनी नव्हे. शिवाय एकाच वाक्यात तपास आणि तपासणी आल्याने वाचक गोंधळेल. दुसरा आक्षेप मला पटतो, पहिला पटत नाही. आमच्या घरी हरवलेल्या किल्लीचाही तपास लागत नसे आणि त्यासाठी कोणी पोलिसांना बोलावले नव्हते. जाणकारांचे मत हवे आहे.

कोर्टातला_कारकून
फौजदारी न्यायालयाच्या कचेरीत माझी उभी हयात गेली, म्हणून अधिकारवाणीने लिहितो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत या दोन शब्दांच्या व्याख्याच दिल्या होत्या. दंडाधिकारी किंवा न्यायालय करते ती इन्क्वायरी, मात्र खटला वगळून. आणि पुरावा गोळा करण्यासाठी पोलीस अधिकारी, किंवा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेली अन्य व्यक्ती, जी कार्यवाही करते ती इन्व्हेस्टिगेशन. अधिकृत मराठीत पहिलीला चौकशी, दुसरीला अन्वेषण आणि ट्रायलला संपरीक्षा म्हटले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही या व्याख्या कायम आहेत. म्हणजे भेद खोलीचा नाही, करणाऱ्याचा आहे. तुमच्या समासातल्या गृहस्थांचा शब्द बरोबर आहे, फक्त कारण चुकीचे आहे, कारण त्या व्याख्येप्रमाणे अन्वेषणही कंपनी करू शकत नाही.

त्रयस्थ
कारकूनसाहेब, व्याख्या बिनचूक आहे, पण ती पाळली जाते का? त्याच नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, प्रथमदर्शनी प्रकरण आहे की नाही हे ठरवण्यासाठी, उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला दिली आहे. दंडाधिकाऱ्याचा तिथे संबंध येत नाही. गंमत अशी की व्याख्येत इंग्रजी शब्द 'आय'ने सुरू होतो आणि या कलमात 'ई'ने. इंग्रजांकडे निदान स्पेलिंगची पळवाट आहे. काही लेखक साध्या विचारपुशीला 'ई' आणि रीतसर कारवाईला 'आय' वापरतात. आपल्याकडे एसटी स्थानकावरच्या खिडकीवरही 'चौकशी', आणि निलंबित तलाठ्याच्या मागे लागते तीही चौकशीच.

सदाफुली
त्रयस्थांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मराठीत चौकशीचा अर्थ शब्दात नसून क्रियापदात आणि विभक्तीत आहे, असे मला फार दिवस वाटते. मावशीने माझी चौकशी केली म्हणजे माया. शेजाऱ्यांनी नसत्या चौकशा केल्या म्हणजे भोचकपणा. साहेबांनी माझ्याकडे चौकशी केली म्हणजे काही माहिती हवी होती. आणि साहेबांची चौकशी लागली म्हणजे ते गेलेच. माझ्या वडिलांची बदली झाली तेव्हा एका नातेवाइकाने पत्रात 'तुमची चौकशी चालू असते' असे प्रेमाने लिहिले होते, आणि त्या कार्डामुळे आई दोन दिवस जेवली नव्हती. इंग्रजीतली इन्क्वायरीही तब्येतीपासून आयोगापर्यंत फिरते, पण 'लागणे' या क्रियापदाने आपण जो शेवट आधीच सुचवतो, तो तिच्यात नाही.

शुद्धलेखणी
मूळ प्रश्नाकडे येतो. अन्वेषण हाच शब्द हवा, आणि कारण कायद्याचे नाही, व्युत्पत्तीचे आहे. इन्व्हेस्टिगेशनच्या पोटात लॅटिन वेस्टिगियम आहे, म्हणजे पाऊलखूण. अनु अधिक एषण म्हणजे मागोमाग शोधत जाणे. दोन दूरच्या भाषांनी एकच चित्र काढले असताना आपण तपास हा अरबी 'तफह्हुस'चा झिजलेला तुकडा का उचलावा? फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचे जे काम शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने सुरू केले ते आपण कंपनीच्या नियमावलीत सोडून द्यायचे का?

वऱ्हाडी_पाऊस
पाऊलखुणाच हव्या असतील तर संस्कृतपर्यंत जाण्याची गरज नाही, आपल्याकडे 'माग काढणे' आहे. चोराचा माग गावाच्या शिवेपर्यंत काढायचा आणि पुढे तो पुढल्या गावाच्या गळ्यात घालायचा, ही गावच्या राखणदाराची जुनी जबाबदारी होती. वेस्टिगियमचे याहून जवळचे भाषांतर होणार नाही. अर्थात 'समिती माग काढील' असे लिहिले तर कर्मचारी राजीनामे देतील, हे मान्य आहे.

तपास अरबी असेल, पण त्याने मराठीत संसार थाटला आहे. तपासणे, तपासून घेणे, तपासलेला, तपासणी, फेरतपासणी, शिवाय रेल्वेतला तिकीट तपासनीस. अन्वेषणाला अजून स्वतःचे क्रियापदही मिळालेले नाही. 'मी अन्वेषतो' असे म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. पोलीस ठाण्याच्या कागदावर आजही 'तपासी अंमलदार' असतो, आणि या दोन शब्दांतला एकही संस्कृत नाही.

शुद्धलेखणी
वापरात आहे म्हणून योग्य, हा युक्तिवाद मानला तर दिनांक आणि महापौर हे शब्दही आले नसते. सावरकरांनी ते सुचवले तेव्हा तेही कोणाच्या तोंडी नव्हते. शब्द रुजवावा लागतो.

त्रयस्थ
रुजवलेला शब्द कुठे कसा उगवेल हे माळ्याच्या हातात नसते. ऑडिटचेच पाहा. लॅटिन आउदिरे म्हणजे ऐकणे. हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तपासणारा ऐकत असे. आपण त्याला लेखापरीक्षण केले, आणि हिशेबापुरते ते उत्तमच आहे. पुढे मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे झाले आणि त्याचे संरचनात्मक लेखापरीक्षण झाले. आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर ते वाचून एका आजोबांनी जमाखर्चाच्या वह्या खजिनदाराकडून काढून आणल्या होत्या. गच्चीवरच्या तड्यांत लेखा कुठून यायचा?

सदाफुली
तसेच निरीक्षकाचे. इन्स्पेक्टर म्हणजे निरीक्षक, पण त्याने केलेले इन्स्पेक्शन म्हणजे तपासणी, कारण निरीक्षण हा शब्द ऑब्झर्वेशनने अडवला आहे. मग निवडणुकीचा ऑब्झर्व्हर आला, तोही निरीक्षकच. ईक्ष् धातूवर आपण फार भार टाकला आहे. परीक्षण, निरीक्षण, पर्यवेक्षण, सर्वेक्षण आणि समीक्षा या सगळ्यांत पाहणेच आहे, आणि कोणते पाहणे कोणत्या कचेरीचे, हे केवळ पाठांतराने कळते.

वऱ्हाडी_पाऊस
या गोंधळात हिंदीची भर पडते, आणि आमच्याकडे नागपूरला ती रोजचीच आहे. हिंदीत जाँच म्हणजे तपास, मराठीत जाच म्हणजे छळ. ज्याने दोन्ही अनुभवले आहेत त्याला यात विरोध दिसत नाही. संशोधन मात्र खरोखर घातक आहे. हिंदीत संविधान संशोधन म्हणजे घटनादुरुस्ती. एका हिंदी परिपत्रकाच्या मराठी रूपात 'नियमांचे संशोधन करण्यात आले आहे' असे मी स्वतः वाचले आहे, आणि ते संशोधन कोणत्या विद्यापीठात चालले आहे असा प्रश्न मला पडला होता.

कोर्टातला_कारकून
मूळ यादीतल्या एक्झॅमिनेशनकडे कोणी पाहिलेच नाही. साक्षीदाराच्या बाबतीत मराठी न्यायालयांकडे तीन घडीव शब्द आहेत. ज्याने साक्षीदार आणला त्याने घेतलेली ती सरतपासणी, विरुद्ध पक्षाने घेतलेली ती उलटतपासणी, आणि पहिल्याने पुन्हा घेतलेली ती फेरतपासणी. १८७२ च्या पुरावा कायद्यातले हे तिन्ही टप्पे या तीन शब्दांनी असे पेलले आहेत की पक्षकारालाही ते समजावून सांगावे लागत नाहीत. तेव्हा 'तपासणी'ला हात लावू नये. मात्र कंपनीच्या समितीपुढे सरतपासणी होत नसते, म्हणून तिथे 'साक्षीदारांचे जबाब' पुरेल.

शुद्धलेखणी
'सर' फारसी, 'तपास' अरबी, आणि याला आपण घडीव मराठी म्हणायचे. ठीक आहे.

कोर्टातला_कारकून
आपण ज्या कागदावर लेखणी चालवता तो 'कागद'ही फारसीतूनच आला आहे.

त्रयस्थ
छाननीबद्दल दोन शब्द. लॅटिन स्क्रूटा म्हणजे चिंध्या, भंगार. त्या उपसून पाहणे ही मूळ स्क्रूटिनी. छानणे म्हणजे चाळणीतून काढणे. आपल्या शब्दात काही चांगले हाती लागेल अशी आशा आहे, त्यांच्या शब्दात ती दिसत नाही. पण तीच स्क्रूटिनी उमेदवारी अर्जाची असेल तर छाननी आणि जातीच्या दाखल्याची असेल तर पडताळणी, कारण पडताळणीत दोन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. अनुवादिनीताई, तुमच्या समितीला कागद नुसते निवडायचे आहेत की मूळ प्रतींशी ताडायचे आहेत? त्यावर तुमचा शब्द ठरेल.

अनुवादिनी
सर्वांची आभारी आहे. मूळ लेखकांना विचारले तर 'दोन्ही' असे उत्तर आले, म्हणून आता छाननी व पडताळणी असे दोन शब्द केले आहेत. कारकूनसाहेबांच्या सूचनेप्रमाणे जबाबही घेतला, त्यामुळे तपास आणि तपासणी यांची टक्कर टळली आणि मी 'तपास' पुन्हा लिहिला. परंतु काल मसुदा परत आला. गृहस्थांनी या वेळी 'तपास' सोडून दिला आहे आणि 'प्राथमिक चौकशी'वर वर्तुळ काढून लिहिले आहे की या शब्दाने कर्मचारी आधीच दोषी असल्याचा ग्रह होतो, तरी सौम्य पर्याय द्यावा. सदाफुलीताईंच्या आईंची गोष्ट मला त्यांना सांगावीशी वाटली. 'विचारपूस' सुचवला, तर त्यांनी फोनवर विचारले की समिती काय रुग्णाला भेटायला जाणार आहे.

सदाफुली
'प्राथमिक विचारणा' करून पाहा.

शुद्धलेखणी
'पृच्छा'.